वारा फुकट असूनही पवन ऊर्जेचं गणित का बिघडतं

तुम्ही विचारलंय की इंधन फुकट, धूर नाही, राख नाही, जगभरात १००० गिगावॅटच्या वर पवनचक्क्या उभ्या झाल्या, तरी एकीकडे टर्बाइन बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तोट्यात आणि दुसरीकडे पक्षी अभ्यासक, गावकरी, मच्छीमार विरोधात, मग नेमकं चुकतंय कुठे. मी या क्षेत्रात बावीस वर्षं आहे. पहिली नऊ वर्षं टॉवर चढून मेंटेनन्स केला, मग साइट निवडणं आणि वाऱ्याचं मोजमाप, आणि आता बँकेने कर्ज द्यायच्या आधी प्रोजेक्टचे कागद आणि मशीन दोन्ही तपासून द्यायचं काम करतो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पर्यावरणाची तक्रार आणि धंद्यातला तोटा यांची मुळं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतात, आणि ते ठिकाण म्हणजे पहिली दोन वर्षं, जेव्हा जागा ठरते, वारा मोजला जातो आणि विजेचा दर कबूल केला जातो. त्या काळात एकूण खर्चाचा अगदी छोटा हिस्सा खर्च होतो, पण पुढच्या पंचवीस वर्षांचं नशीब तिथेच लिहिलं जातं, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर सगळ्यांना सगळ्यात जास्त घाई असते.

वाऱ्यापासून सुरू करू. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणजे वेग १० टक्के कमी निघाला तर ताकद २७ टक्के कमी. प्रत्यक्ष बनणाऱ्या विजेतली घट एवढी नसते कारण जोराच्या वाऱ्यात मशीन रेटेड क्षमतेच्या, म्हणजे त्याच्या ठरलेल्या कमाल मर्यादेच्या, वर जातच नाही, पण जी घट येते ती बँकेचा हप्ता चुकायला पुरेशी असते. आता हे मोजमाप कसं होतं ते बघा. मी तपासलेल्या एका प्रोजेक्टमध्ये मोजमापाचा मास्ट, म्हणजे वारा मोजायची उपकरणं लावलेला उंच खांब, टेकडीच्या सगळ्यात उंच टोकावर लावला होता, मोजणी ८० मीटरवर, मशीनचा हब, म्हणजे पाती जिथे जोडतात तो मधला भाग, १२० मीटरवर, आणि वीस मशीनपैकी बारा मागच्या उतारावर. कागदावर सगळं नीट दिसत होतं, सॉफ्टवेअरने एका टोकाचा वारा सगळ्या उतारावर पसरवून दिला होता. तीन वर्षांनी आकडे आले तेव्हा पुढची आठ मशीन ठरल्याप्रमाणे चालत होती आणि मागची बारा कधीच अंदाजाला पोचली नव्हती. दुसरा मास्ट लावायला अजून एक वर्ष गेलं असतं, आणि तेवढ्यात टेंडरची तारीख निघून गेली असती, म्हणून तो लावला नाही. हे सांगणारा माणूस वाईट नव्हता, त्याच्यावर दबाव होता.

आणि हे लहान कंपन्यांचंच होतं असं समजू नका. समुद्रातली पवन ऊर्जा सगळ्यात जास्त केलेल्या ओर्स्टेड या डॅनिश कंपनीने २०१९ मध्ये जाहीर सांगितलं की एका मशीनच्या मागे वारा मंदावतो तो परिणाम, ज्याला आम्ही वेक म्हणतो, आणि अख्ख्या फार्मच्या, म्हणजे पवनचक्क्यांच्या समूहाच्या, पुढेच वारा अडतो तो परिणाम, हे दोन्ही त्यांनी कमी धरले होते, त्यामुळे उत्पादनाचे अंदाज खाली आणावे लागले. समुद्रात तर हा वेक काही वेळा कित्येक किलोमीटर लांब जातो, म्हणजे वारा ज्या बाजूने तुमच्याकडे येतो तिथे उद्या दुसऱ्याने फार्म उभारला तर तुमचं उत्पन्न कमी होतं, आणि बऱ्याच देशांत याची भरपाई कोणी द्यायची याचा स्पष्ट नियमच नाही.

आता पक्ष्यांकडे येतो, कारण हा विषय मला जवळचा आहे. कॅलिफोर्नियातला आल्टामाँट पास हे या धंद्यातलं सगळ्यात जुनं आणि दुखरं उदाहरण. १९८० च्या दशकात तिथे हजारो छोटी मशीन उभी राहिली, जवळजवळ, लवकर लवकर, आणि नेमक्या त्या टेकड्यांवर जिथे सोनेरी गरुड जमिनीवरच्या खारी पकडायला येतात. त्यानंतर कित्येक दशकं तिथे गरुड मरत राहिले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि शेवटी जुनी मशीन काढून त्यांच्या जागी संख्येने कमी पण मोठी मशीन लावायला लागली. जागा ठरवताना एक वर्ष पक्षी मोजले असते तर हे तेव्हाच दिसलं असतं.

इथे एक तांत्रिक गोष्ट नीट समजून घ्या. डोंगराच्या अगदी कडेवर वारा वर चढतो, म्हणून गरुड, गिधाडं, घारी त्या कडेलाच तरंगतात, पंख न हलवता. आणि डेव्हलपरलाही तीच कड हवी असते कारण तिथे वेग जास्त दिसतो. पण वर चढणारा वारा रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राला, तिरका लागतो. मशीनच्या आंतरराष्ट्रीय मानकात हा तिरकेपणा ८ अंशांपर्यंत धरलेला असतो, कडेवर तो सहज ओलांडला जातो, आणि मग पात्यांवर आणि मेन बेअरिंगवर, म्हणजे मुख्य दांडा ज्यावर फिरतो त्या भागावर, दर फेरीला उलटसुलट ताण येतो. म्हणजे मशीन कडेपासून थोडं मागे घेतलं तर गिधाडही वाचतं आणि बेअरिंगही. मी हे जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा समोरच्याने पहिल्यांदा उत्पादनातला दीड-दोन टक्क्यांचा फरक दाखवला, आणि बेअरिंग बदलायला येणाऱ्या क्रेनचा खर्च त्या शीटमध्ये कुठेच नव्हता.

पक्षी वाचवायचे म्हणजे वीज घालवायची, हा समज तर आकड्यांनीच खोटा ठरलाय. दक्षिण स्पेनमध्ये कादिझ प्रांतात माणसं बसवून, गिधाड धोक्याच्या जवळ आलं की तेवढंच मशीन थोडा वेळ थांबवायचं असा प्रयोग झाला, त्यात गिधाडांचे मृत्यू निम्म्यावर आले आणि वर्षाच्या उत्पादनातलं नुकसान होतं ०.०७ टक्के. नॉर्वेतल्या स्मोला बेटावर चार मशीनचं तीनपैकी एक पातं काळं रंगवलं, कारण फिरताना एकसारखी पांढरी पाती पक्ष्याला धूसर दिसतात, आणि २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात तिथले मृत्यू ७० टक्क्यांहून जास्त कमी झालेले दिसले. चारच मशीन होती त्यामुळे सगळीकडे असंच होईल असं मी म्हणणार नाही, पण रंगाच्या खर्चात एवढं होत असेल तर करून बघायला हवं, आणि कारखान्यात पातं असतानाच रंगवलं तर स्वस्तात होतं, वर चढून रंगवायचं म्हटलं की खर्च कैक पटींनी वाढतो.

लोक म्हणतात मांजरं आणि काचेच्या इमारती यापेक्षा कितीतरी जास्त पक्षी मारतात. खरं आहे, पण मांजर गरुड मारत नाही. गरुड आणि गिधाडं उशिरा वयात येतात, वर्षाला एखादंच पिल्लू वाढवतात, त्यांच्यातले मोठे पक्षी थोडे जरी जास्त मेले तरी संख्या सावरत नाही. म्हणून एकूण पक्ष्यांची बेरीज करून बघणं मला पटत नाही, कोणता पक्षी मरतोय ते बघायचं.

वटवाघळांचंही तसंच, आणि त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. मी स्वतः पहाटे मशीनखाली मृत वटवाघळं शोधायचं काम एक अख्खा हंगाम केलंय, सरळ रेषेत पाच-पाच मीटरवर चालायचं, डोळे जमिनीवर. पहिलं जे सापडलं ते माझ्या अंगठ्याएवढं होतं, अंगावर जखम नाही, पंख शाबूत, फक्त नाकाशी रक्ताचा एक थेंब. हे काम वाटतं तेवढं सरळ नसतं, कोल्हे आणि कावळे आपल्याआधी येऊन जातात, गवतात अर्धी दिसतच नाहीत, म्हणून मुद्दाम मोजून काही मेलेली शरीरं टाकायची आणि त्यातली किती शोधणाऱ्याला सापडतात ते बघून आकडा दुरुस्त करायचा असतो. ज्या रिपोर्टमध्ये ही दुरुस्ती नाही तो रिपोर्ट मी बाजूला ठेवतो. यावर उपाय माहीत आहे आणि तो सोपा आहे. वटवाघळं मुख्यतः कमी वाऱ्याच्या, उबदार रात्री, युरोप-अमेरिकेतल्या उन्हाळ्याच्या शेवटी स्थलांतराच्या दिवसांत मरतात. मशीन साधारण ३ ते ४ मीटर प्रति सेकंदाला सुरू होतं, ते त्या ठराविक रात्री ५ किंवा ६ ला सुरू करायचं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात २००८-०९ मध्ये झालेल्या अभ्यासात यामुळे मृत्यू ४४ ते ९३ टक्के कमी झाले आणि वर्षाच्या उत्पादनातली घट १ टक्क्याच्या आत राहिली, कारण एवढ्या मंद वाऱ्यात तशीही वीज फारशी बनत नसते. पण हा १ टक्का दर ठरवताना धरलेला नसेल तर नंतर कोणीच तो द्यायला तयार होत नाही. परत तेच, पहिल्या दोन वर्षांत ठरलेली गोष्ट.

पक्षी फक्त पात्यांनी मरत नाहीत हेही लक्षात घ्या, वीज वाहून नेणाऱ्या तारांनीही मरतात. माळढोकसारखा जड पक्षी, समोरचं कमी दिसतं, तार दिसेपर्यंत वळता येत नाही. भारतात सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये माळढोकच्या क्षेत्रातल्या तारा जमिनीखालून न्यायचा आदेश दिला, २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. दोन्ही बाजूंची अडचण खरी आहे, जास्त दाबाची लाइन लांबवर जमिनीखालून नेणं कठीण आणि फार महाग, आणि पक्षी मोजकेच उरलेत. पण लाइनचा मार्ग आखतानाच पक्ष्यांचा नकाशा समोर असता तर एवढं कोर्टापर्यंत गेलं नसतं.

समुद्रात वेगळा प्रश्न, खांब समुद्रतळात ठोकताना होणारा आवाज. पॉर्पॉइज नावाचे डॉल्फिनसारखे लहान प्राणी आवाजावरच जगतात, ते कित्येक किलोमीटर लांब पळतात. जर्मनीने ७५० मीटरवर १६० डेसिबलची मर्यादा घातली, सुरुवातीला इंडस्ट्रीने ओरड केली, मग खांबाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडायचं तंत्र आलं आणि आज ते नेहमीचं झालंय. नियम स्पष्ट असला की इंजिनिअर मार्ग काढतात, माझा तरी हाच अनुभव आहे.

जमिनीवर आवाज आणि सावलीच्या तक्रारी येतात. त्या खोट्या नसतात. सूर्य खाली असताना फिरत्या पात्याची सावली खिडकीतून सारखी येत-जात राहिली की माणूस वैतागतोच, जर्मनीत यासाठी वर्षाला ३० तास आणि दिवसाला ३० मिनिटं अशी मर्यादा वापरतात आणि मशीनमध्ये त्यासाठी टायमर बसतो. पण माझ्या बघण्यात गावाचा खरा राग आवाजापेक्षा 'आम्हाला कोणी विचारलं नाही' याचा असतो. नॉर्वेतल्या फोसेन भागात १५१ मशीन उभी राहून चालू झाल्यावर, २०२१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या हक्कांचा भंग झालाय आणि परवाने अवैध आहेत. चालू फार्म, आणि परवाना अवैध! विचार करा बँकेच्या माणसाचं काय झालं असेल. उलट कोपनहेगनसमोरचा मिडलग्रुंडेन फार्म २००० साली झाला, २० मशीन, शहरातून स्पष्ट दिसतात, पण निम्मी मालकी हजारो सामान्य सभासदांच्या सहकारी संस्थेकडे. स्वतःच्या मालकीचं पातं फिरताना बघणाऱ्याला ते खुपत नाही.

कचऱ्याचा प्रश्न पण तुमच्या मनात असेल. मशीनचं ८५ ते ९० टक्के वजन, म्हणजे स्टील, तांबं, ओतीव लोखंड, परत वापरता येतं. अडतं ते पात्यावर. काचेचे धागे आणि इपॉक्सी नावाचं चिकट रेझिन एकदा गोठले की वेगळे होत नाहीत. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कॅस्परला जमिनीत पुरलेल्या पात्यांचे फोटो जगभर फिरले ते यामुळेच. आज तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत घालणं हा चालणारा मार्ग आहे, काच सिमेंटमध्ये जाते आणि रेझिन इंधन म्हणून जळतं. २०२१ पासून सुटं करता येणाऱ्या रेझिनची पातीही बाजारात आली आहेत. कोळशाच्या राखेशी तुलना केली तर हा ढीग लहान आहे, आणि आयुष्यभराचा हिशोब केला तर पवन ऊर्जेचं कार्बन उत्सर्जन विजेच्या युनिटमागे ११-१२ ग्रॅमच्या आसपास येतं जिथे कोळशाचं ८०० च्या वर जातं. पण लहान आहे म्हणून पुढच्या पिढीच्या शेतात पुरून ठेवायचा का? मला हे चालत नाही. हीच गोष्ट बाल्साच्या लाकडाची. पात्याच्या आत हलकं लाकूड लागतं, ते मुख्यतः इक्वेडोरमधून येतं, २०१९-२० मध्ये मागणी एवढी वाढली की जंगलातली, आदिवासींच्या भागातली झाडंही बेसुमार तुटली. त्यानंतर पात्यात प्लास्टिकच्या फोमचा वापर वाढला, ते चांगलं झालं.

आता धंदा. पवन ऊर्जेत पुढच्या पंचवीस वर्षांचा बहुतेक खर्च मशीन उभी करतानाच करावा लागतो, म्हणजे पंचवीस वर्षांचं इंधन एकदम विकत घेतल्यासारखं, त्यामुळे व्याजदर वाढला की सगळ्यात आधी आम्ही भाजतो. त्यात दर लिलावात ठरतात आणि सगळ्यात कमी दर लावणारा जिंकतो. बोली लावल्यापासून मशीन उभं राहीपर्यंत समुद्रात पाच-सात वर्षं जातात, तेवढ्यात स्टील, जहाजं, व्याज सगळं बदलतं. २०२१ नंतर नेमकं हेच झालं. ओर्स्टेडने २०२३ मध्ये अमेरिकेतले ओशन विंड नावाचे समुद्रातले दोन्ही प्रोजेक्ट सोडून दिले. व्हॅटनफॉल या स्वीडिश कंपनीने ब्रिटनमधला नॉरफोक बोरेआस हा प्रोजेक्ट थांबवला, खर्च ४० टक्क्यांपर्यंत वाढला म्हणून. त्याच वर्षी ब्रिटनच्या लिलावात समुद्रातल्या पवन ऊर्जेला एकही बोली आली नाही, कमाल दर मेगावॅट-तासाला, म्हणजे हजार युनिटला, ४४ पाउंड ठेवला होता, पुढच्या वेळी तो ७३ करावा लागला. डेन्मार्कमध्ये डिसेंबर २०२४ ला आणि जर्मनीत ऑगस्ट २०२५ ला लिलाव रिकामे गेले. ही वाऱ्याची चूक नाही, जोखीम सगळी एकाच्या डोक्यावर टाकणाऱ्या कराराची आहे.

मशीन बनवणाऱ्यांचं दुखणं वेगळं. विजेचं युनिट स्वस्त हवं म्हणून दर दोन-तीन वर्षांनी मोठं मॉडेल. आज १५ मेगावॅटच्या मशीनचा रोटर २३६ मीटरचा आहे. आधीचं मॉडेल प्रत्यक्ष साइटवर पाच वर्षं चालून त्याचे दोष कळायच्या आतच पुढच्याच्या ऑर्डरी घेतल्या जातात. सीमेन्स गामेसा या टर्बाइन कंपनीच्या जमिनीवरच्या नव्या मॉडेलमध्ये पात्यांचे आणि मेन बेअरिंगचे दोष २०२३ मध्ये बाहेर आले, तिच्या मूळ कंपनीचा, सीमेन्स एनर्जीचा, शेअर एका दिवसात तिसऱ्या हिश्शाहून जास्त पडला, वर्षाचा तोटा ४६० कोटी युरोच्या आसपास गेला आणि जर्मन सरकारला हमी द्यावी लागली. वेस्टाससारखी टर्बाइन बनवणारी मोठी डॅनिश कंपनी २०२२ मध्ये १५७ कोटी युरो तोट्यात होती. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत नॅनटकेट बेटाजवळ १०७ मीटरचं एक पातं तुटून त्याचे तुकडे किनाऱ्यावर आले, कारण निघालं चिकटवण्यातला कारखान्यातला दोष. म्हणजे बघा, धंद्यातली घाई आणि किनाऱ्यावरचा कचरा ही एकाच पात्याची दोन टोकं.

हे मी शीटवर वाचून सांगत नाही. गिअरबॉक्सचं डिझाइन आयुष्य वीस वर्षांचं लिहिलेलं असतं. एका साइटवर सातव्या वर्षी मी तेलातलं चुंबक काढलं तर त्याच्यावर धातूचा भुगा केसांसारखा उभा राहिला होता, आणि त्यात नखाएवढी एक पातळ चकती, बेअरिंगच्या पृष्ठभागाची निघालेली. तेलाला जळकट वास. वॉरंटी पाचव्या वर्षी संपलेली. गिअरबॉक्स महाग, पण त्याहून जास्त त्रास क्रेनचा, ती आली आणि अकरा दिवस नुसती उभी राहिली कारण वारा उतरेना, आणि वारा आहे म्हणजे हेच दिवस वीज बनायचे. पात्यांचंही तसंच, टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर असतो, त्या वेगाला पावसाचा थेंब खड्यासारखा लागतो, काही वर्षांत पुढची कड सँडपेपरसारखी खरखरीत होते आणि उत्पादन हळूहळू गळतं, कोणाच्या लक्षातही येत नाही.

शेवटची अडचण ग्रिडची, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या जाळ्याची. जमिनीवरचा फार्म दोन-तीन वर्षांत होतो, लाइनला सात-दहा वर्षं लागतात. चीनच्या गान्सू प्रांतात २०१६ मध्ये वाऱ्यापासून मिळू शकणारी ४३ टक्के वीज लाइन आणि मागणी नसल्याने टाकून द्यावी लागली होती. आणि लाइन असली तरी एका प्रदेशात वारा बहुतेक सगळीकडे एकाच वेळी सुटतो, सगळ्यांची वीज एकदम बाजारात येते, भाव पडतो, कधी शून्याच्याही खाली जातो. साठवणूक आणि दुसऱ्या प्रदेशांशी जोडणी वाढल्याशिवाय याला इलाज नाही.

तुम्ही कामासाठी किंवा पैसे लावायला एखादा प्रोजेक्ट बघणार असाल तर सादरीकरण बाजूला ठेवा आणि आधी चार कागद मागा. मास्ट किती होते, कुठे होते आणि किती महिने मोजलं. पक्षी आणि वटवाघळांची पाहणी जागा ठरायच्या आधी झाली का नंतर. त्याच मॉडेलची मशीन दुसरीकडे किमान तीन वर्षं चाललेली आहेत का आणि त्यांची उपलब्धता, म्हणजे मशीन बंद न पडता चालायच्या स्थितीत असण्याचा वेळ, किती राहिली. आणि मशीन काढून टाकायचा, पायाचं काँक्रीट फोडायचा, पाती न्यायचा पैसा कोणत्या खात्यात, कोणत्या वर्षापासून जमा होणार आहे. हा चौथा कागद मी मागितला की बऱ्याच मीटिंगमध्ये लोक एकमेकांकडे बघतात, आणि तिथून पुढे मी फाइल जास्त सावकाश वाचतो.